हिऱ्याची क्लॅरिटी: अंगठी घेण्याआधी काय बघावं

लग्नसराईत वडोदऱ्याच्या घडियाळी पोळेत दुकानात बसलात की अंगठी पुढे सरकवून सांगतात, "ईएफ-व्हीव्हीएस माल आहे." यातलं ईएफ म्हणजे रंग, व्हीव्हीएस म्हणजे क्लॅरिटी, हिऱ्यात डाग (आतले ठिपके, चिरा) किती कमी, ते. रंगाचं राहू द्या, जास्तीचे पैसे जातात ते बहुतेक क्लॅरिटीच्या नावाखाली.

आधी श्रेणी. जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या यादीत त्या ११ आहेत, स्वच्छपासून डागाळलेल्यापर्यंत: एफएल, आयएफ, मग व्हीव्हीएस, व्हीएस आणि एसआय प्रत्येकी १ व २, शेवटी आय-१ ते आय-३. एसआय-३ जीआयए देतच नाही. श्रेणी ठरते ती १० पट भिंगाखाली. व्हीव्हीएसमधला डाग तिथेही जाणकाराला शोधावा लागतो. एसआयमधला भिंगात सहज दिसतो, नुसत्या डोळ्यांना मात्र दिसेलच असं नाही.

म्हणून भिंग मागा, त्यात संकोच कसला? हिरा आधी पुसून घ्या, कारण धूळही डागासारखीच दिसते. भिंग डोळ्याशी धरा, हिरा इंचभर अंतरावर आणा आणि दोन्ही हात एकमेकांना टेकवा, म्हणजे थरथरत नाहीत. आधी वरून बघा, मग बाजूनं. मधोमध काळा ठिपका असेल तर तो हिरा सोडा. पैलूंत प्रतिबिंबं पडून एकाचे चार ठिपके दिसतात. तोच ठिपका कडेला असेल तर कोंदणाखाली झाकून जातो. कडेपर्यंत पोचलेली मोठी चीर मात्र नकोच, ठोका बसला तर टवका तिथूनच उडतो. गोल ब्रिलियंट कट डाग लपवतो, लांबट चौकोनी एमराल्ड कट उघडे पाडतो. त्यात एखादी श्रेणी वरची घ्यावी.

आपल्या वडोदऱ्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांनी घेतलेला 'स्टार ऑफ द साउथ' १८५३ साली ब्राझीलमध्ये सापडला. पैलू पाडल्यावर १२८.४८ कॅरेट भरला. जीआयएनं त्याला दिलेली क्लॅरिटी आहे व्हीएस-२! मग ३० सेंटच्या (०.३ कॅरेटच्या) हिऱ्यासाठी व्हीव्हीएसचा हट्ट कशाला? माझं मत विचाराल तर व्हीएस-२, किंवा नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारा एसआय-१ घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कटवर, म्हणजे नेमक्या पाडलेल्या पैलूंवर घाला. चमक कटमुळे येते.

प्रमाणपत्राचा नंबर पुष्कळदा हिऱ्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असतो. तो भिंगातून वाचा आणि प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर ताडून बघा. खालचे बारीक शेरेही वाचा, लेसरनं डाग काढला असेल तर तिथेच लिहिलेलं असतं. हिरा नैसर्गिक की लॅब-ग्रोन (प्रयोगशाळेत वाढवलेला) हेही पाहा. व्हीव्हीएस दोन्हींवर लिहिलेलं सापडेल, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

अंगठीवरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा नंबर) फक्त सोन्याचा, हिऱ्याची हमी त्यात नाही. तेव्हा पक्क्या बिलावर हिऱ्याचं वजन सोन्यापासून वेगळं लिहून घ्या (१ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम), सोबत रंग, क्लॅरिटी आणि प्रमाणपत्राचा नंबर. परत घेताना किती कापतील, तेही त्याच बिलावर.