उतरताना पायाची बोटं ठेचू नयेत म्हणून लेस अशी बांधा

सह्याद्रीत चढण दमवते, पण नखं काळीनिळी होतात ती उतारावर. कळसूबाईसारख्या १६४६ मीटरच्या शिखरावरून बारी गावाकडे उतरताना कातळातल्या पायऱ्यांवर आणि घसाऱ्यावर (सुट्या माती-दगडांच्या निसरड्या उतारावर) पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटं टोकावर आपटत राहतात. उतरायला लागण्याआधी, माथ्यावरच हे करा:

१. बसून लेस सैल करा आणि टाच जमिनीवर आपटून पाय बुटात मागे सरकवा.

२. घोट्याजवळचं सगळ्यात वरचं भोक बहुतेक जण रिकामंच सोडतात. लेस त्याच बाजूच्या या भोकात बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

३. प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओवून खाली, टाचेच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा.

टाच आता हलणार नाही. पंजाकडची लेस मात्र थोडी सैलच हवी. चढताना हा प्रकार नको, घोटा नीट वाकत नाही. नखंही एक-दोन दिवस आधीच कापून ठेवा.

पायाला मुंग्या आल्या तर लगेच थांबून लेस सैल करा. बधिर पायाने घसारा उतरणं धोक्याचं.