चौथी-पाचवीच्या पोरांना स्कॉटलंड शिकवायचं तर असं शिकवा

सहावी-सातवीला नकाशात स्कॉटलंड येईल तेव्हा येईल, पण त्याआधीच पोरांना एखादा परका देश मनापासून आवडू शकतो, फक्त "राष्ट्रीय प्राणी कोणता, फूल कोणतं" अशी घोकंपट्टी करून घेऊ नका, त्यानं काहीच हाती लागत नाही.

सुरुवात झेंड्यापासून करा. निळ्या कार्डशीटवर पांढऱ्या दोन पट्ट्या तिरक्या चिकटवल्या की झाला सेंट अँड्र्यूचा, म्हणजे स्कॉटलंडच्या रक्षक संताचा क्रॉस. मग युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा दाखवून विचारा, यात हा कुठं लपलाय? क्रिकेट बघणारी पोरं लगेच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या झेंड्यावर पण शोधतात.

फूल म्हणजे थिसल, काटेरी. आपल्याकडं माळावर उत्कटारी उगवते ना, ती त्याच कुळातली, एक बोंड आणून दाखवा, लांबूनच, हात लावू देऊ नका. रात्री चोरपावलांनी आलेल्या शत्रूचा पाय काट्यावर पडला, तो ओरडला आणि स्कॉटिश लोक जागे झाले, ही गोष्ट पोरांना फार आवडते, पण ही दंतकथा आहे हे स्पष्ट सांगा. राष्ट्रीय प्राणी युनिकॉर्न, म्हणजे गोष्टीतला एकशिंगी घोडा, तो तर निम्म्या पोरींच्या कंपासपेटीवरच असतो.

सगळ्यात जास्त वेळ टार्टनला, म्हणजे तिकडच्या रंगीत चौकड्यांच्या कापडाला द्या, एक अख्खा तास. चौकटीच्या वहीचं पान घ्यायचं, ३ रंग निवडायचे आणि क्रम ठरवायचा, समजा ४ घरं निळी, २ हिरवी, १ पिवळी, मग परत तेच. आधी उभे पट्टे हलक्या हातानं रंगवायचे, त्यावर तोच क्रम आडवा. पेन्सिल कलरच वापरा, तेलखडू फासला जातो. निळ्यावर निळा आला तिथं गडद निळा, निळ्यावर पिवळा आला तिथं वेगळीच छटा, मोजायला सांगा, ३ रंगांतून ६ छटा निघतात आणि ४ घेतले तर १०. मागावर पण हेच होतं, उभ्या-आडव्या धाग्यांचा क्रम एकच. ज्यांच्या घरी इचलकरंजीच्या मागाचं काम आहे ती पोरं इथं मास्तर होतात, त्यांना बोलू द्या. पानाखाली नाव आणि क्रम लिहून घ्या.

रंगवता रंगवता इतिहास सांगा. १७४६ च्या कायद्यानं स्कॉटलंडमधल्या पुरुषांना हायलँडचा, म्हणजे तिथल्या डोंगराळ भागाचा, असा पोशाख घालायला बंदी आली, पहिल्यांदा सापडला तरी ६ महिने तुरुंग, आणि ही बंदी उठली थेट १७८२ ला. एवढं कळलं की किल्टचा, म्हणजे पुरुष घालतात त्या टार्टनच्या घागऱ्याचा, फोटो बघून कुणी फिदीफिदी हसत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बॅगपाइप पोरांनी २६ जानेवारीच्या परेडला टीव्हीवर ऐकलेलं असतं, आपल्या सैन्याच्या बँडमध्ये आहेच तो. पिशवीत हवा भरून काखेत दाबतात म्हणून वाजवणाऱ्यानं श्वास घेतला तरी सूर तुटत नाही, एवढं पुरे.

दिवस ३० नोव्हेंबर धरा, सेंट अँड्र्यूचा. कवी रॉबर्ट बर्न्सचा वाढदिवस २५ जानेवारीला असतो खरा, पण त्या दिवशी शाळेत कवायतीची तयारी चालू असते, कुणाचं लक्ष लागणार. बर्न्सच्या रात्री हॅगिस खातात, मेंढीचं काळीज, फुप्फुस, ओट आणि कांदा, पूर्वी मेंढीच्या पोटात भरून उकडायचे. वजडी आणि रक्ती-मुंडी खाणाऱ्या कोल्हापूरच्या पोरांना यात ईऽऽ करण्यासारखं काहीच वाटत नाही. तिकडं शाकाहारी हॅगिस पण मिळतं, तेही आवर्जून सांगा, वर्गात दोन्ही घरची पोरं असतात.