लघवीचा नमुना: आधी डबी, मग गोळी

उन्हाळी लागली की धण्याचं पाणी नि मेडिकलमधलं सिरप यांवर दोन दिवस जातात. सिरपने जळजळ शमते, जंतू मरत नाहीत. खरं नुकसान घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी करते. एका डोसनंतरही कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायच्या तपासणीत, काही न उगवण्याची शक्यता असते, आणि मग कोणतं औषध लागू पडेल ते कळायचा मार्गच बंद होतो.

तरुण, निरोगी बाईला पहिल्यांदाच त्रास झाला तर डॉक्टर बहुधा कल्चरशिवाय उपचार करतात. पुरुष, गरोदर बाई, मधुमेही, कॅथेटर (लघवीची नळी) असलेला रुग्ण, वारंवार होणारा त्रास किंवा ताप, यांत कल्चर हवंच.

डबी लॅबमधूनच निर्जंतुक घ्यावी. धुतलेली बाटली चालत नाही. हात धुवा. बायकांनी पुढून मागे पुसून घ्यावं आणि योनीचे ओठ बाजूला धरावेत. पुरुषांनी कातडी मागे सारावी. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या. २०–३० मिली पुरते. झाकणाच्या आत बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. गरमीत पडून राहिलेल्या डबीत जंतू वाढतात आणि रिपोर्ट खोटा येतो. एपिथेलियल सेल्स (कातडीच्या पेशी) भरपूर किंवा तीन-चार प्रकारचे जंतू दिसले तर तो बहुधा कातडीवरचा मळ. नमुना पुन्हा द्या.

रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. बहुतेकदा ई. कोलाय हा जंतू निघतो. त्रास काहीच नसताना निव्वळ जंतू दिसले म्हणून औषध घेऊ नये. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरची काही ऑपरेशनं हे अपवाद.

डॉक्टरांना गरोदरपण, किडनीचा आजार, औषधाची ॲलर्जी आणि चालू गोळ्या सांगा. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना लघवीच्या जागी बुरशीची खाज होऊ शकते नि तीच जळजळ वाटते. बायकांच्या साध्या संसर्गात नायट्रोफुरँटॉइन ही अँटिबायोटिकची गोळी बहुधा पाच दिवस देतात. ती जेवणासोबत घ्यावी. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरू नका. किडनीपर्यंत पोचलेल्या संसर्गात मात्र ती उपयोगाची नाही.

म्हणूनच थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं किंवा उलट्या असतील तर ओपीडीच्या नंबराची वाट न पाहता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा. औषधाला ४८ तासांत उतार नसेल, तर कल्चरचा रिपोर्ट हातात घेऊन परत दाखवा.