ग्रोथ कर्व्ह काढताय? मग लॉग फेजला जागेवर राहा

प्रॅक्टिकलला आलेल्या मुलांना मी आधी एकच सांगते: ग्रोथ कर्व्हचं, म्हणजे जिवाणूंच्या वाढीच्या आलेखाचं, रीडिंग घड्याळ बघून नाही, जिवाणूंचा वेग बघून घ्यायचं. ई. कोलाय हा जिवाणू एलबी ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायच्या पोषक द्रवात), ३७ अंशांवर, साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. तासातासाने मोजलंत तर दोन रीडिंगांच्या मध्ये तीन पिढ्या उरकतात, आणि जो भाग हवा तोच, म्हणजे भराभर दुप्पट होण्याची लॉग फेज, निसटतो.

आदल्या संध्याकाळी प्लेटवरची एकच कॉलनी (जिवाणूंचा पुंजका) उचलून ५ मिली ब्रॉथमध्ये सोडा, रात्रभर शेकरवर ठेवा. सकाळी २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली ब्रॉथ घ्या, त्याहून जास्त नको, हवा खेळायला हवी. त्यात रात्रभर वाढलेलं ०.५ मिली कल्चर घाला. ब्रॉथ आधीच ३७ अंशांवर आणलेला असू द्या. फ्रीजमधून थेट काढलात तर लॅग फेज, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा काळ, उगाच लांबते. या काळात ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) ढिम्म हलत नाही. हलायलाही नको, पेशींची अजून तयारीच चाललेली असते.

ओडी ६०० नॅनोमीटरवर घ्या. ब्लँक, म्हणजे शून्य लावायचा नमुना, त्याच बाटलीतल्या ब्रॉथचा. (पाण्याने ब्लँक करणारं कुणीतरी दरवर्षी निघतंच.) क्युवेट (नमुन्याची छोटी चौकोनी कुपी) खरखरीत बाजूंनी धरा, पुसा, कल्चर नीट हलवून लगेच मोजा. ओडी ०.०५ झाली की दर दहा मिनिटांनी रीडिंग, ०.६ च्या पुढे अर्ध्या तासाने चालेल. ०.४ ओलांडली की ब्रॉथने दहापट पातळ करून मोजा आणि दहाने गुणा. दाट कल्चरमध्ये एकदा विखुरलेला प्रकाश पुन्हा विखुरून डिटेक्टरकडे वळतो, त्यामुळे ओडी खऱ्यापेक्षा कमी दिसते. आलेख वाकतो, आणि मुलं खुशाल 'स्टेशनरी', म्हणजे वाढ थांबली, असं लिहून मोकळी होतात.

एलबीची एक खोड लक्षात ठेवा. त्यात साखर जवळजवळ नसते, पेशी मुख्यतः अमिनो आम्लांवर जगतात. आवडती संपली की पुढच्यांकडे वळतात, आणि वाढीचा वेग ओडी ०.३ च्या आसपासच मंदावू लागतो. दोन साखरांत हे ठळक दिसतं: ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिल्यावर वाढ मध्येच थांबून पुन्हा सुरू होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला हेच दाखवलं.

आलेख सेमीलॉग कागदावरच (ओडीचा अक्ष लॉगमध्ये) काढा. जिथे रेघ पट्टी लावल्यासारखी सरळ आहे, तिथलेच बिंदू धरा. समजा ०.०७ वरून ०.२८ व्हायला ४६ मिनिटं लागली. म्हणजे दोनदा दुप्पट, जनरेशन टाइम २३ मिनिटं.

डेथ फेज, म्हणजे पेशी मरू लागण्याचा टप्पा, मात्र ओडीवर शोधू नका. मेलेली पेशी फुटेपर्यंत प्रकाश विखुरतच राहते. तिथे प्लेटिंगच (पातळ कल्चर प्लेटवर पसरून कॉलन्या मोजणं) करावं लागतं, आणि ३० ते ३०० कॉलन्यांचीच प्लेट मोजायची. दहा लाखपट पातळ केलेल्या कल्चरच्या ०.१ मिलीतून ८० कॉलन्या आल्या, तर मूळ कल्चरच्या एका मिलीत ८० कोटी जिवंत पेशी.