काचकामाच्या टॉर्चसाठी गॅस निवडताना

काच वितळवण्यासाठी गॅसची ज्योत देणारा टॉर्च एकदा नीट पारखून घेतला तर वर्षानुवर्षे चालतो, पण गॅस पुन्हा पुन्हा कोठून तरी आणावाच लागतो. म्हणून ज्यांना गावात राहून काचेचे मणी घडवायचे आहेत, किंवा शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील तडकलेल्या नळ्या आणि चंबू दुरुस्त करून द्यायचे आहेत, त्यांनी टॉर्चची किंमत विचारण्याआधी आपल्या तालुक्याच्या ठिकाणी कोणता वायू बाराही महिने मिळतो याची चौकशी करावी. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यातील खेड्यात पाइपचा गॅस येत नाही, त्यामुळे हाताशी तीनच गोष्टी उरतात: एलपीजी, वेल्डिंगवाल्याकडचा ॲसिटिलीन आणि गोठ्यामागचा गोबर गॅस.

निवडीची सुरुवात काचेपासून करावी. बाटल्या-बांगड्यांची सोडा काच सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते आणि १,००० अंशांजवळ हवी तशी वळते. प्रयोगशाळेतील बोरोसिलिकेट काच मऊ व्हायलाच ८२० अंश घेते आणि तिच्यावर खरे काम करायचे तर १,२०० अंशांच्या वर जावे लागते. ज्योतीचे तापमान याहून पुष्कळ जास्त असले तरी काच ज्योतीइतकी कधीच तापत नाही, कारण ती उष्णता चारी बाजूंनी सोडत असते. म्हणून सोडा काचेचे बारीक काम हवा आणि एलपीजीवर कसेबसे निभते, बोरोसिलिकेटला मात्र ऑक्सिजन लागतोच.

ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीनची ज्योत ३,१०० अंशांच्या पुढे जाते, तर एलपीजीची साधारण २,८०० अंशांवर थांबते, आणि हे आकडे ऐकून नवा माणूस ॲसिटिलीनकडे वळतो. मीही वळलो होतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडणाऱ्या एका दुकानात बसून मी पारदर्शक सोडा काचेची कांडी त्या ज्योतीत धरली. ऑक्सिजन जरा कमी पडताच कांडीच्या टोकावर काजळी बसली, ती वितळत्या काचेत गुंडाळली गेली आणि मणी थंड झाल्यावर त्याच्या पोटात राखाडी रेघ कायमची राहिली. ऑक्सिजन वाढवला तेव्हा ज्योत इतकी टोकदार झाली की एका ठिपक्यावर काच उकळून बुडबुडे धरू लागली आणि दोन बोटे अलीकडचा भाग तसाच कडक राहिला. ॲसिटिलीनमध्ये कार्बनचा वाटा मोठा असतो आणि त्याची बरीचशी उष्णता ज्योतीच्या आतल्या लहान शंकूत एकवटते. लोखंडाच्या सांध्याला हेच हवे असते, काचेला मात्र पसरट आणि सारखी आंच लागते. शिवाय हा वायू १ बारच्या वर दाबाने वापरणे घातक असते आणि शुद्ध तांब्याच्या नळीत त्याचे स्फोटक संयुग बनते. सबब, वेल्डरशी कितीही घरोबा असला तरी हा गॅस काचेसाठी आणू नये.

आता एक हिशेब, जो मला कोणी आधी सांगितला असता तर माझे बरेच पैसे वाचले असते. एक लिटर प्रोपेन पूर्ण जळायला पाच लिटर ऑक्सिजन लागतो, ब्यूटेनला साडेसहा, मिथेनला दोन. जळताना मिळणारी उष्णता त्या त्या वायूच्या ऑक्सिजनने भागली, तर तिन्हींचे उत्तर जवळपास सारखेच येते. म्हणजे टॉर्चचा जोर मुख्यतः तुम्ही मिनिटाला किती ऑक्सिजन पुरवता यावर ठरतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून मिनिटाला ५ लिटर देणाऱ्या विजेच्या यंत्रावर, म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, लहान टॉर्चने मणी चांगले होतात, परंतु जाड बोरोसिलिकेट नळीला तो पुरत नाही, आणि वीज गेली की तो बंद पडतो. त्यामुळे भारनियमनाच्या गावात ऑक्सिजनचा सिलिंडर जोडीला ठेवावा.

यावरून एलपीजी हाच आपल्याकडचा सोयीचा वायू ठरतो. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास कायद्याने मनाई आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा. शेगडीचे रेग्युलेटर ठरावीक आणि फार कमी दाब देते, म्हणून दाब कमी-जास्त करता येणारे रेग्युलेटर लागते, आणि दाब किती ठेवायचा ते टॉर्चसोबतच्या सूचनांत पाहून ठरवावे. एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, तर साधा ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. त्यामुळे वरचेवर प्रोपेन आधी निघून जातो, सिलिंडरच्या तळाशी ब्यूटेन अधिक उरतो, आणि पौषातल्या सकाळी अर्ध्या सिलिंडरवर ज्योत हळूहळू बसू लागते. अशा वेळी सिलिंडरला हात लावून पाहावा: द्रवाच्या पातळीपर्यंत तो बर्फासारखा गार आणि दवाने ओला लागतो. त्याला आंच किंवा उकळते पाणी कधीही दाखवू नये. हिवाळ्यात कोमट असलेल्या विहिरीच्या ताज्या पाण्याच्या घमेल्यात तो उभा ठेवला तरी पुरते. तो आडवा तर मुळीच करू नये, कारण मग वायूऐवजी द्रव नळीत उतरतो.

गोबर गॅसबद्दल लोक आवर्जून विचारतात. त्यात मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो, बाकी बहुतेक न जळणारा कार्बन डायऑक्साइड. दाब फार थोडा, शिवाय ओल आणि गंधकाचा वायू. कांड्या आधी ऊन करून घ्यायला तो ठीक आहे, मुख्य ज्योतीसाठी नाही.

जागा निवडताना एलपीजी हवेपेक्षा जड आहे हे विसरू नये. जुन्या वाड्यात धान्याचे पेव किंवा खोलगट मोरी असेल, तर गळलेला गॅस तेथे साचून राहतो. म्हणून काम छपरीत करावे आणि सिलिंडर भिंतीच्या बाहेर, उत्तरेच्या सावलीत ठेवावा, कारण वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कूलरचा झोत ज्योतीवर येऊ देऊ नये. ज्योत हलते आणि तापलेली काच एका बाजूने गार होऊन तडकते. पण धुराला वाट हवीच, तेव्हा झोत पाठीमागून न घेता समोरच्या खिडकीतून बाहेर ओढणारा पंखा बसवावा.

दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे फिरू न देणारे झडप बसवावे. गॅसच्या जोडणीचे आटे डावे आणि ऑक्सिजनचे उजवे असतात, त्यामुळे पाना उलट फिरला तरी जोर लावू नये. ऑक्सिजनच्या जोडणीला तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागता कामा नये. पहिल्यांदा पेटवण्याआधी प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून मिनिटभर थांबावे, आणि बुडबुडा आला तर सिलिंडर बंद करूनच सांधा आवळावा.