वर्डप्रेसच्या पोस्टवर ‘शेवटचं अपडेट’ ही तारीख कशी दाखवायची

जुनी पोस्ट तुम्ही नव्याने सुधारली, स्क्रीनशॉट बदलले, मेलेल्या लिंका काढल्या, तरी वाचणाऱ्याला वर दिसते ती जुनीच तारीख, आणि तो दोन ओळीही न वाचता परत फिरतो. खरं तर वर्डप्रेस प्रत्येक पोस्टच्या दोन्ही तारखा डेटाबेसमध्ये ठेवतंच, प्रसिद्ध केल्याची आणि शेवटच्या बदलाची. बऱ्याच थीम, म्हणजे साइटचं रूप ठरवणारे फाइलींचे संच, फक्त पहिली दाखवतात, एवढंच.

कोडमधली नावं मी खाली देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायची आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा.

आधी बॅकअप घ्या आणि चाइल्ड थीम बनवा, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली, तुमचे बदल वेगळे ठेवणारी थीम. मूळ थीमच्या फाइलमध्ये लिहिलेलं सगळं थीमच्या पुढच्या अपडेटला पुसलं जातं, मग लोक म्हणतात कोड आपोआप गेला! फाइल शक्यतो एफटीपीने (सर्व्हरवर फाइली पाठवायची पद्धत) किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून बदला, कारण एखादा सेमीकोलन राहिला आणि साइट पांढरी पडली तर तिथून लगेच जुनी फाइल परत टाकता येते.

आता बघा, वर्डप्रेसच्या डॅशबोर्डवर अपीअरन्स मेनूत ‘एडिटर’ दिसतोय का? दिसत असेल तर तुमची ब्लॉक थीम आहे, म्हणजे पानाची मांडणी तयार तुकडे (ब्लॉक) जोडून करता येते, आणि कोडची गरजच नाही, सिंगल पोस्टचा टेम्प्लेट उघडा, तारखेचा ब्लॉक घाला आणि त्यात मॉडिफाइड डेटचा पर्याय निवडा. झालं.

जुन्या पद्धतीची थीम असेल तर सिंगल डॉट पीएचपी उघडा. बऱ्याचदा तिथे तारखेचं काहीच सापडत नाही, फक्त ‘गेट टेम्प्लेट पार्ट’ असं असतं, म्हणजे खरा मजकूर टेम्प्लेट पार्ट्सच्या फोल्डरमध्ये आहे, तिकडे जा. ती फाइल चाइल्ड थीममध्ये त्याच नावाच्या फोल्डरात कॉपी करा आणि शीर्षकाच्या खाली पीएचपीच्या टॅगमध्ये ‘शेवटचं अपडेट’ हे शब्द आणि पुढे ‘द मॉडिफाइड डेट’ हे फंक्शन लिहा. कंसात काही दिलं नाही तर सेटिंग्जमधला फॉरमॅट वापरला जातो, आणि तेच बरं, कारण उद्या फॉरमॅट बदलावासा वाटला तर कोडला हात लावावा लागत नाही. वेगळा हवाच असेल तर छोटा जे म्हणजे दिवस, मोठा एफ म्हणजे महिन्याचं पूर्ण नाव, मोठा वाय म्हणजे चार आकडी वर्ष.

पण एवढ्यावर थांबू नका! सकाळी पोस्ट टाकली, दुपारी एक स्वल्पविराम सुधारला, की दोन्ही तारखा एकाखाली एक आणि त्याही सारख्याच, फार विचित्र दिसतं. म्हणून अट घाला. ‘गेट द मॉडिफाइड टाइम’ आणि ‘गेट द टाइम’ या दोघांना कंसात मोठा यू द्या, उत्तर सेकंदांत मिळतं, पहिल्यातून दुसरं वजा करा आणि फरक ८६४०० पेक्षा, म्हणजे एका दिवसापेक्षा, जास्त असेल तरच ओळ छापा. शेड्यूल केलेल्या पोस्टचाही प्रश्न यातच सुटतो, कारण तिथे शेवटचा बदल प्रसिद्ध होण्याच्या आधीचा असतो, वजाबाकी उणे येते आणि ओळ दिसत नाही.

तारीख एचटीएमएलच्या टाइम टॅगमध्ये ठेवा आणि त्याच्या डेटटाइम या गुणधर्मात ‘गेट द मॉडिफाइड डेट’ला छोटा सी देऊन येणारं उत्तर इको करा, म्हणजे छापा, ते सर्च इंजिनला नीट वाचता येतं. एसईओ (सर्च इंजिनसाठीचं) प्लगइन स्कीमामध्ये, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानात ठेवलेल्या माहितीत, तारीख टाकत असेल तर ती आणि पानावरची तारीख जुळतेय ना तेही बघा.

सेव्ह करून काहीच बदललं नाही तर कोडला शिव्या घालण्याआधी कॅश, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, रिकामी करा. तारीख एका दिवसाने मागे-पुढे दिसत असेल तर जनरल सेटिंग्जमध्ये टाइमझोन तपासा, तो बऱ्याचदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवरच राहिलेला असतो.

एक अडचण मात्र या अटीनेही सुटत नाही. वर्षभराने तुम्ही नुसती वेलांटी दुरुस्त केली तरी पोस्ट ‘आज अपडेट’ झाली असं दिसणार, आणि आत बघावं तर माहिती सगळी जुनीच. मला विचाराल तर ही वाचणाऱ्याची फसवणूकच आहे. त्यापेक्षा पोस्टला एक कस्टम फील्ड द्या, म्हणजे जास्तीची माहिती ठेवायचा रकाना, मजकूर खरोखर बदलला तेव्हाच त्यात हाताने तारीख भरा आणि टेम्प्लेटमध्ये ‘गेट पोस्ट मेटा’ने तेच छापा, फील्ड रिकामं असेल तर काहीच नाही. तेवढं टाइप करायचा कंटाळा येतो हे खरंय.