जेसीबी लष्करी विमानातून न्यायचा तर साखळ्या कशा माराव्यात

नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात 41 कामगार अडकले, तेव्हा हवाई दलाच्या सी-130जे विमानांनी आडवं भोक पाडणारं ऑगर मशीन सुट्या भागांत चिन्यालीसौडच्या आखूड धावपट्टीवर उतरवलं. सी-17 ने आणखी 22 टन सामान इंदूरहून डेहराडूनला नेलं. तेव्हापासून गोव्यातल्या वाळपई-डिचोलीची मशीनवाली पोरं मला विचारतात, "काका, आमचा जेसीबी असा न्यायची पाळी आली तर?" लष्कराच्या इंजिनिअर दलात, बॉम्बे सॅपर्समध्ये असताना मी अशी मशीनं पुष्कळदा चढवली-उतरवली आहेत. यावर जे सल्ले कानावर येतात त्यांत "मजबूत बांधा" यापलीकडे काही नसतं. मजबूत म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळाच्या गेटचे पास आणि लो-बेडची, म्हणजे मशीन वाहायच्या बुटक्या ट्रेलरची व्यवस्था तुम्ही करालच. त्याआधी विमान कुठलं येतंय ते विचारा. सी-17 सुमारे 77 टन उचलतं आणि त्याचं पोट साडेपाच मीटर रुंद आहे. आयएल-76 ची रुंदी 3.45 मीटर. सी-130जे च्या आत उंची जेमतेम 2.7 मीटर, म्हणजे 20 टनी पोकलेन त्यात केबिनसकट जाणारच नाही. मापं कॅटलॉगातून उचलू नका, मशीनपाशी उभं राहून टेपने घ्या. मागाहून बसवलेला दिवा किंवा छत कॅटलॉगात नसतं.

मशीन धुवा. आपल्याकडची लाल माती चेनमध्ये आणि चॅसिसखाली थर धरून बसते. पाण्याच्या फवाऱ्याने जात नाही, पहारीने खरवडावी लागते. ती तशीच राहिली तर वजनही चुकतं आणि विमानाच्या फरशीवर खडेही पडतात. धुतल्यावरच वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगळा तोला. समजा पुढे 3,000 किलो, मागे 4,500 आणि दोन ॲक्सलमध्ये 2.2 मीटर अंतर. मग 4,500 गुणिले 2.2 भागिले 7,500, म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून 1.32 मीटरवर गुरुत्वमध्य. तिथे दोन्ही बाजूंना खडूने ठळक खूण करा. लोडमास्टर, म्हणजे विमानातला माल चढवण्या-बांधण्याची जबाबदारी असलेला माणूस, आधी तीच शोधतो.

डिझेल अर्ध्या टाकीच्या खाली. बॅटरी घट्ट, टर्मिनल झाकलेली. चेनवाल्या मशीनखाली फळ्या हव्यातच, स्टील थेट फरशीला लागता कामा नये. रॅम्पवर एकच सिग्नलमन, पहिला गिअर, मध्ये थांबायचं नाही. पावसात टायर पुसून घ्या.

आता साखळ्या. इथेच मी एकदा चुकलो होतो.

सी-17 आणि सी-130जे साठी हिशोब असा धरतात: माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या 3 पट जोर पेलला पाहिजे, मागे दीडपट, दोन्ही बाजूंना दीडपट, वर 2 पट. साडेसात टनी जेसीबीला पुढच्या दिशेने साडेबावीस टन. साखळी 10,000 पौंडी, म्हणजे 4,536 किलोची. पण तो आकडा साखळी सरळ ओढल्याचा. ती फरशीशी 30 अंश आणि मशीनच्या लांबीशी 30 अंश असेल तर पुढच्या दिशेने 75 टक्केच धरते, म्हणजे 3,402 किलो. साडेबावीस टनांना सात लागतात. जोड्या सारख्या हव्यात, म्हणून आठ. मागच्या दिशेने चार. या बारांतूनच बाजूंचा आणि वरचा हिशोब भागतो.

मी आठ मारल्या होत्या, आकडा बरोबर होता. पण घाईत फरशीतल्या जवळच्या कड्या धरल्या, त्यामुळे साखळ्या 60 अंशांवर उभ्या राहिल्या. लोडमास्टर फरशीवर आडवा झाला, साखळीला कोनमापक लावला आणि काही न बोलता पहिला टेन्शनर, म्हणजे साखळी ताणायचा खटका, सोडला. त्या कोनात साखळी 43 टक्के धरते. माझ्या आठ साखळ्या पावणेसोळा टनच पेलणार होत्या. हाताने हलवून पाहिल्या तेव्हा एकही ढिली नव्हती, म्हणून मला शंकाच आली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी अंदाजाने कोन धरत नाही. मशीनवरचा हूक फरशीपासून 60 सेंमी उंच असेल, तर साखळी फरशीवर मीटरभराहून थोडी जास्त लांब गेली पाहिजे. तेवढी जागा नसेल तर साखळ्या वाढवा.

साखळी चॅसिसच्या लगला, म्हणजे बांधायच्या कडीला, किंवा ॲक्सलला. बूम, बकेट, हायड्रॉलिक सिलिंडर यांना कधीच नाही. तेल दबलं की सिलिंडर हलतो आणि साखळी सैल होते. बूम आणि बकेट खाली टेकवून वेगळे बांधा. एकाच दिशेला साखळी आणि नायलॉनचा पट्टा मिसळू नका. पट्टा ताणतो, सगळा भार साखळीवर येतो. लग वेल्डिंग करून नवा लावलाय असं कुणी सांगितलं तर मी त्याला साखळी लावत नाही, वेल्डर कितीही ओळखीचा असो.

हे गणित कागदावरचं वाटत असेल तर 29 एप्रिल 2013 आठवा. अफगाणिस्तानात बगरामहून उडालेल्या 747 मालवाहू विमानात पाच चिलखती गाड्या होत्या. उड्डाण होताच निदान एक सुटून मागे गेली, हायड्रॉलिक आणि शेपटीची यंत्रणा मोडली. सातही कर्मचारी गेले. बांधणी अपुरी होती, असं चौकशीत निघालं.

साखळ्या ताणून झाल्या की अर्ध्या तासाने पुन्हा फिरा. टायरवरचं मशीन बसतं, टेन्शनर एक-दोन दात आणखी घेतो. शेवटचा शब्द लोडमास्टरचा. त्याने काढायला सांगितलं तर वाद न घालता काढा.

उतरवताना आधी ऑपरेटर सीटवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे. मगच पहिली साखळी सोडा. रॅम्प उघडला की सगळ्यांना घाई होते, आणि ठोकळे विसरतात ते तेव्हाच.